टेकवलेली काठी

मल्लेशनं पेन्सिल अंगठा आणि अनामिका यांच्यामध्ये धरली आणि कागदावरच्या पहिल्या रकान्यात ‘सिद्राम’ असं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. खोडरबरानं पुसून त्यानं पुन्हा लिहिलं, तरी वाकडंच आलं. त्याच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं वळायचीच नाहीत, नुसती ताठ उभी राहायची. समोर बसलेल्या महेश्वरनं तेवढ्या वेळात आपले फासे तीनदा मोजले होते.

जुळे सोलापुरातल्या महेश्वरच्या घरी दर रविवारी दुपारी हा खेळ चालायचा. प्रत्येकानं कागदावर आपलं एक पात्र रचायचं, महेश्वरनं गोष्ट सांगायची, आणि पात्राचा वार लागला की हुकला हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. महेश्वर बसायचा पुठ्ठ्याच्या आडोशामागे. त्याचे फासे कुणाला दिसत नसत, तो सांगेल ते खरं. आज पाण्याचा दिवस होता, म्हणून सगळे टाक्या भरून उशिराच आले होते. आणि विमा कचेरीतला रत्नदीप येताना मल्लेशला घेऊन आला होता.

“चादर घ्यायला गेलो तर दुकानात हे भेटले. खेळाचं सांगितलं तर म्हणाले, मला पण ने की,” रत्नदीप कौतुकानं म्हणाला होता. बिचाऱ्याला काय ठाऊक!

मल्लेश दारात चप्पल काढून “नमस्कार सर” म्हणाला. कॉलेजात शिकवणाऱ्या महेश्वरला इथं सगळे सरच म्हणायचे. पण मल्लेशच्या तोंडून ते ऐकताना त्याला कुणीतरी घराबाहेर काढल्यासारखं झालं.

“आता हत्यार,” रत्नदीपनं नियमांचं पुस्तक उघडलं. हत्यारं निवडायला त्याला जेवणापेक्षा जास्त आवडायचं. “तुमचा सिद्राम म्हणजे मठात वाढलेला लढवय्या. आखूड तलवार चपळ हाताला बरी. भाल्यानं अंतर राखून मारता येतं. काठी दोन्ही हातांनी धरली तर मार वाढतो.”

“गोफण घ्या की,” उत्कर्षा म्हणाली. ती महेश्वरच्याच कॉलेजात ग्रंथपाल होती आणि खेळात अट्टल चोर. “लांबनंच हाणायचं, अंगाला ओरखडा नाही.”

“पाखरं राखायचीत व्हय मला?” मल्लेश हसला.

“रिकामे हात घे,” महेश्वर घाईनं म्हणाला. “मठातल्या माणसाला तेच शोभतं. पुढं पुढं त्याची बुक्की तलवारीला भारी पडते. काठीबिठी कशाला उगीच?”

रत्नदीप पुस्तकातून वर बघायला लागला. सर कधी कुणाच्या निवडीत तोंड घालत नसत.

मल्लेशनं आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला.

“रिकाम्या हाताचं माझं काय खरं न्हाई, सर. काठीच लिवतो.”

काठीच लिहिणार हे महेश्वरला कळायला हवं होतं. अठरा वर्षांपूर्वी दोघं गल्लीतल्या तालमीत गुरुलिंग वस्तादांच्या हाताखाली लाठी शिकत होते. वस्तादांचे नियम फार नव्हते, पण एक मोडला तर ते माणसाला तालमीची पायरी चढू देत नसत. समोरच्यानं काठी जमिनीला टेकवली की वार तिथंच थांबला. मग आपणही आपली टेकवायची, आणि दोघांनी एकदमच उचलायची. एकानं टेकवलेली आणि दुसऱ्याची हवेत, असा खेळ वस्तादांच्या तालमीत नव्हता.

त्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत पुढच्या जोडीत कोण, हे वस्तादांनी जाहीर केलं. मल्लेशचं नाव घेतलं, महेश्वरचं घेतलं नाही. त्याच संध्याकाळी सराव करताना मल्लेशच्या डोळ्यात माती गेली. त्यानं काठी टेकवली आणि डोळा चोळायला लागला. काठी टेकलेली महेश्वरला दिसली होती. ही गोष्ट त्याला अठरा वर्षांत एकदाही स्वतःपासून लपवता आली नाही. दिसली, आणि त्यानं मारली.

वस्ताद धावत आले तेव्हा महेश्वरच्या तोंडून शब्द फुटेना. मल्लेशच बोटं पोटाशी धरून म्हणाला, “मीच उशिरा टेकवली, वस्ताद.” वस्तादांनी मल्लेशलाच झापलं, नियम सगळ्यांसमोर पुन्हा म्हणायला लावला. मिरवणुकीत मल्लेशच्या जागी महेश्वर काठी खेळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानं त्या घेतल्या. पुढं घरच्या मागावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारणं काही मल्लेशला जमेना, तेव्हा घरच्यांनी त्याला चादरीच्या दुकानात गल्ल्यावर बसवला. महेश्वर त्या रस्त्यानं जायचाच बंद झाला. वस्ताद गेले तेव्हा मात्र अंत्ययात्रेत तो मल्लेशपासून दहा पावलांवर चालला. दहा पावलं काही त्याला ओलांडता आली नाहीत.

“सर, एक इचारू?” मल्लेश कागदावरून वर न बघता म्हणाला. “ह्या सिद्रामच्या मठात एक नेम हाय. काठी टेकवली की समोरच्यानं थांबायचं. चालंल का?”

“पुस्तकात असलं काही नाही,” रत्नदीप म्हणाला. “पण सर हो म्हणाले तर चालतं.”

महेश्वरनं मोजलेले फासे पुन्हा मोजायला घेतले.

“चालेल,” तो म्हणाला.

खेळ सुरू झाला. महेश्वरनं गोष्ट आठवडाभर आधीच लिहून ठेवली होती. पुरानं फुगलेली नदी, तिच्यावर लाकडी पूल, पुलावर एक पहारेकरी. पहारेकऱ्याच्या हातात काठी. लिहिताना त्याला काही वाटलं नव्हतं. आता ते वाचताना वही लांब फेकून द्यावीशी वाटली.

सिद्राम पुढं झाला. मल्लेशचे फासे चांगले पडत होते. पहिला वार लागला, दुसराही लागला. उत्कर्षा चुरमुऱ्याची वाटी मांडीवर घेऊन पुढं सरकली.

“अजून एक बसला की गेला बघा नदीत!”

मल्लेशनं फासा उचलला आणि परत खाली ठेवला.

“सिद्रामच्या डोळ्यात माती गेली,” तो म्हणाला. “त्यानं काठी टेकवली.”

“आता? जिंकत आल्यावर?” रत्नदीप ओरडलाच.

“डोळ्यात माती गेल्यावर माणूस काय करणार?”

मल्लेश महेश्वरकडे बघत होता. रागानं बघत नव्हता. रागानं बघितलं असतं तर महेश्वरला सोपं गेलं असतं.

“पहारेकऱ्याला त्या मठाचा नियम ठाऊक असेल का?” उत्कर्षानं विचारलं.

“ठाऊक आहे,” महेश्वर म्हणाला. “त्याच मठातला आहे तो.”

“मग फासा टाका. दहाच्या वर पडला तर मारतो, नाहीतर थांबतो,” ती म्हणाली.

महेश्वरनं आडोशामागे फासा टाकला. तीन पडले. पहारेकरी थांबला होता. फाशानंच थांबवला होता, आणि ते खरंही होतं. ‘थांबला’ एवढा एक शब्द बोलला असता तर उत्कर्षानं टाळी वाजवली असती, चहा आला असता आणि संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले असते. मल्लेशही “येतो सर” म्हणून गेला असता. महेश्वर त्या तीनच्या आकड्याकडे बघत बसला.

“मारतो,” तो म्हणाला.

“अरे देवा! म्हणजे त्याला दिसलीच नाही टेकवलेली?” उत्कर्षानं विचारलं.

“दिसली.” त्याचा आवाज चिरकला. “चांगली दिसली होती त्याला. तरी मारली.”

रत्नदीपनं पुस्तक मिटलं आणि उगीचच पुन्हा उघडलं.

“कुटं लागली?” मल्लेशनं विचारलं.

“बोटांना. उजव्या हाताच्या.”

मल्लेशनं पेन्सिल उचलली, कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि कागद बाजूला सारला. महेश्वरला मान वर करवेना. त्यानं समोरचा पुठ्ठा काढून भिंतीला टेकवून ठेवला. तीन पडलेला फासा सगळ्यांच्या समोर आला. उत्कर्षानं तो बघितला, मग महेश्वरकडे बघितलं, आणि चुरमुऱ्याची वाटी मांडीवरून खाली ठेवली.

रत्नदीपला मात्र राहवेना. “जाऊ द्या हो. आता पाळी तुमची. हाणा त्याला, सोडू नका!”

“माझी पाळी कुटली?” मल्लेश म्हणाला. “सिद्रामची काठी अजून टेकलेलीच हाय की. लई दिस झाले टेकवून. पाळी समोरच्याची.”

महेश्वरनं गोष्टीची वही मिटली. पुढचं तिच्यात लिहिलेलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यानं पुसलेही नाहीत.

“पहारेकरी,” तो म्हणाला, आणि थांबला. “पहारेकरी आपली काठी टेकवतो.”

मल्लेशनं टेबलावरचा तीनचा फासा अंगठा आणि अनामिकेत धरून उचलला, आणि महेश्वरच्या हातावर ठेवला.

“मग उचल आता, मह्या,” तो म्हणाला. “दोघांनी संगंच उचलायची असती.”