मॅचच्या दिवशीची पेज

"एक घास वरचा, एक घास खालचा, खालून वर येईन थो घास तुह्या बाचा..."

माय भरवायची तेव्हा असं म्हणायची. कन्हानच्या खाणीत बाप कोळशासाठी जमिनीखाली उतरलेला असायचा. माय भावनाच्या तोंडात घास घालायची आणि स्वतः वाटीभर पेज पिऊन दाराकडे तोंड करून बसायची. "तू काहून नाही जेवत वं माय?" विचारलं की म्हणायची, "माहा उपास हाय." त्या उपासाला ठरलेला वार नव्हता. बापाची पाळी बदलली की मायचा उपास बदलायचा.

"भावना, मीठ पाहून घे वं," स्वयंपाकीण कांताबाईने हाक मारली आणि मायचा आवाज विरला. समोर मेसचं मोठं पातेलं, पातेल्यात पेज, आणि संघातल्या सगळ्या पोरींच्या हातांत वाट्या.

सरकारी खात्याच्या महिला हॉकी संघात भावना आठ वर्षं गोल राखत होती. आजचा सामना हरला तर संघ वरच्या गटातून खाली जाणार होता. अशा सकाळी या पोरींचं खाणं पाहून परक्या माणसाला हसू आलं असतं. कॅप्टन सोनिका पोहे कोरडे खायची आणि त्यावरचा झणझणीत रस्सा, तर्री, वेगळी कपात घेऊन चहासारखी फुंकून प्यायची. प्रेमिला उकडलेल्या अंड्यातला बलक खायची आणि पांढरं दीप्तीच्या ताटात टाकायची; दीप्ती गावी गेलेली असली तर प्रेमिला अंड्याला हातही लावत नसे. जे खाऊन एकदा जिंकलो, ते पुन्हा पोटात गेलंच पाहिजे. तोंडाने कोणी काही म्हणो, मनातून सगळ्या ते पाळत.

आणि जिंकण्याचा सगळ्यांत मोठा टोटका भावनाच्या पेजेचा.

गेल्या हिवाळ्यात एक चेंडू मास्कच्या खालून उसळला आणि तिच्या गळ्यावर बसला. गळपट्टी होती म्हणून निभावलं. सूज आली, उतरली. पण पुढच्या मॅचच्या सकाळी पोळीचा घास तोंडात नुसता फिरत राहिला. चावून चावून त्याचा लगदा झाला, तरी तो खाली जाईना. तिने तो हळूच रुमालात काढला आणि कांताबाईकडून भाताची पेज मागून घेतली. त्या दिवशी तिने एकही गोल होऊ दिला नाही.

"काय खाल्लं होतं वं तू?" सोनिकाने विचारलं होतं.

"पेज," भावना म्हणाली. खोटं नव्हतं ते. पुढच्या मॅचलाही पेज, पुढच्याही मॅचला जीत. बघता बघता तिची पेज संघाची झाली. नंतर कधी हरल्या तरी दोष मिठावर जायचा, पेजेवर नाही.

खरं सांगायचं ती रोज ठरवायची. पण संघाचे कोच चंद्रभान सर, त्यांचं बोलणं आठवायचं. मागे एका कीपरला घरी पाठवताना ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "भेणारी कीपर कायले पाहिजे? त्यापरीस गोल उघडा ठेवून देऊ." ऑफिसात भावनाला टेबल होतं, खुर्ची होती, पण आपली म्हणावी अशी जागा त्या दोन खांबांच्या मध्येच होती.

"ताई," शेजारी बसलेली वेदिका कानाशी आली. राखीव गोलकीपर, वर्षभरापूर्वी संघात आलेली. आज सर पहिल्यांदाच तिला अर्धा सामना उतरवणार होते. "मी कालपासून पेजच पिऊन राहिली. दुसरं काहीच नाही."

भावनाचा हात वाटीवर थांबला. "कालपासून? काहून वं?"

"तू एक दिवस पिऊन गोल होऊ देत नाही. मी दोन दिवस पिली तर बॉल माह्या जवळच नाही येणार!"

"अबे, मंग गोल विटांनीच बांधून टाक ना!" पलीकडून सोनिका ओरडली. सगळ्या हसल्या. वेदिकाही हसली आणि तिने उरलेली पेज एका दमात संपवली.

सांगावं. आत्ताच सांगावं. भावनाने तोंड उघडलं. दारात सर उभे होते, गळ्यात शिट्टी घालून.

"एखादं केळं तरी खा वं," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"नको ताई. टोटका तुटन ना."

मैदानावर पाणी मारून झालं होतं, पण नागपूरचं ऊन ते पाणी पिऊन टाकत होतं. हिरव्या टर्फवरून वाफ उठत होती. पॅड, मास्क, सगळं चढवून वेदिका गोलात उभी राहिली आणि पोरींनी सरावाचे फटके सुरू केले. भावना जाळीमागे उभी होती. स्टिकचा ठक् आवाज झाला की तिचा हात आपोआप गळ्याकडे जायचा. एक चेंडू वेदिकाने पायाने उडवला. दुसरा हाताने दाबला. तिसरा खांबाच्या बाहेरून गेला, आणि तो जाऊन गेल्यावर वेदिकाचे गुडघे सावकाश वाकले. कळमन्याच्या बाजारात हमाल पाठीवरचं पोतं उतरवतो, तशी ती ओल्या टर्फवर टेकली आणि आडवी झाली.

भावना जाळीला वळसा घालून कशी पोचली, तिचं तिला कळलं नाही. तिने मास्क काढला. पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

"लागला का बॉल? कुठी लागला?" सर धावत आले.

"नाही सर, बॉल तं बाहेरून गेला," प्रेमिला म्हणाली.

तोंडावर पाणी मारल्यावर वेदिकाने डोळे उघडले. कांताबाई मेसमधून पळत आली होती, पदरात गूळ-पोळी आणि सोललेलं संत्रं घेऊन. तिने फोड पुढे केली. वेदिकाने मान फिरवली.

"नको. मॅच हाय."

"मीठ कमी पडलं असन पेजेत," सोनिका पुटपुटली.

"माह्या मिठाले कायले नावं ठेवता गं बाई?" कांताबाई उसळली. "पोरीच्या पोटात काहीच नाही, थे पाह्य आधी!"

"खा पोरी," सर म्हणाले. "डॉक्टरले बोलावलं हाय. पण आधी खा."

वेदिकाने दात घट्ट आवळले. तिची नजर भावनावर होती. त्या डोळ्यांत जे होतं ते भावनाने मॅचच्या प्रत्येक सकाळी बेसिनवरच्या आरशात पाहिलं होतं.

तिने पोळीचा तुकडा मोडला, त्यात गूळ ठेवला, घास वळला. हात पुढे केला आणि तिला मायचा हात आठवला, तसाच अर्ध्यावर थांबलेला, आणि दाराकडे कान लावून बसलेली माय. तो उपास नव्हताच, बाप वर येईपर्यंतची भीती होती. भोवती सगळ्या उभ्या होत्या. सरही होते.

"वेदिका, माहं ऐक," ती म्हणाली. आवाज फाटका निघाला, पण निघाला. "त्या पेजेत काहीच नाही वं. उपास नोहे, टोटका नोहे. मले बॉलचं भेव वाटते. लागला त्या दिवसापासून वाटते. घासच उतरत नाही माह्या गळ्याखाली."