चारच्या आधी ‘हो’ नाही

राजकोटात दुपारी एक ते चारच्या मध्ये यम जरी आला, तरी त्याला ओट्यावरच ताटकळावं लागेल. ‘बसा भाई, शेठ झोपलेत’ एवढं सांगायलासुद्धा कुणी जागं नसतं. शटरं खाली, रस्त्यात एखादी गाय, आणि तीही पेंगलेली. बाहेरगावची माणसं यावर हसतात. हसेनात का बापडी.

शर्वाणी हेगडेला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बंगळूरच्या एका हॉटेल कंपनीसाठी भिंतींवर लावायच्या वस्तू निवडणं हे तिचं काम. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, एक वाजून दहा मिनिटांनी, ती गुंदावाडीच्या मागच्या गल्लीत किन्नरी कोटेचाच्या दारात रिक्षातून उतरली. साडेपाचचं विमान. अर्धा तास बोलायचं, होकार घ्यायचा आणि निघायचं, असा तिचा बेत होता.

किन्नरी मण्यांचे चाकळे बनवते. चाकळा म्हणजे भिंतीवर लावायचा मोठा चौकोन, सगळा मण्यांनी विणलेला. तिच्या आजीच्या चाकळ्यावर मोर, पोपट, हत्ती असायचे. किन्नरीच्याही चाकळ्यावर असतात, पण तिचा हत्ती गाडीवर उभा राहून सोडा पितो, मोर स्कूटरवर मागे बसतो आणि पोपट मोबाईलवर कुणाशी तरी भांडत असतो. बघणारा आधी खुदकन हसतो, मग किंमत विचारतो. तिच्या कारखान्यात सात बायका, आणि त्यांतलीच एक म्होरकी, जशुबेन. साठी उलटलेली, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाचा भाजीवाला आपणहून भाव उतरवतो.

किन्नरीला एडीएचडी आहे, म्हणजे चित्त एका जागी ठरत नाही आणि घाई आवरत नाही, हे तिला चौतिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी ती शाळेत धांदरट होती, माहेरी वेंधळी आणि सासरी आरंभशूर. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं त्या दिवशी ती कारखान्यात येऊन रडलीही आणि हसलीही. जशुबेनने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तू आळशी नव्हतीसच. मग आजवर घातलेल्या शिव्या मी परत घेते. पुढच्या मात्र माझ्याकडे राहू देत.”

पण नाव कळलं, गोळी सुरू झाली, म्हणून माणसाचा स्वभाव का पालटतो? किन्नरीचा घात करायचा तो एकच शब्द, ‘हो’. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिच्या तोंडून ‘हो’ बाहेर. गेल्या दिवाळीआधी असंच एका लग्नघरचं मोठं काम तिने एका श्वासात घेतलं. चार दिवस जेवणाची शुद्ध नाही, रात्रीची झोप नाही, पण डोळ्यांत नुसता उजेड. पाचव्या दिवशी उजेड गेला. मग बावीस दिवस ती अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून. काम हातचं गेलं. जशुबेनला त्या वयात कांदे निवडायच्या कामाला जावं लागलं. तिथून सुटली की ती रोज किन्नरीच्या उशाशी येऊन बसायची. नुसते मणी ओवायची. हाताला कांद्याचा वास.

तेविसाव्या दिवशी किन्नरी उठून बसली, तेव्हा जशुबेनने कायदा केला. “गाव झोपतं, तेव्हा तू पण झोप. झोप नाही आली तर आतल्या खोलीत वाळ्याचा पडदा सोडून मणी ओव. फोन माझ्याकडे. आणि कुणी काहीही विचारो, ‘हो’ म्हणायचं ते चारनंतर.” सातही जणींनी मिळून तो कायदा लाल मण्यांत विणला आणि घड्याळाखाली टांगला. चारच्या आधी ‘हो’ नाही.

तर त्या पाटीकडे पाठ करून हेगडेबाई बसल्या आणि बोलायला लागल्या.

“दरमहा साठ चाकळे. वर्षभर. आमच्या सगळ्या नव्या हॉटेलांत तुमचाच हत्ती. फक्त एक आहे, रोज अडीच वाजता व्हिडिओवर माझ्याशी बोलायचं, तुम्ही स्वतः. काम कुठवर आलं ते मला रोज दिसलं पाहिजे. कबूल?”

किन्नरीचे डोळे चमकले. साठ! वर्षभर! सात जणींच्या चुली वर्षभर निर्धास्त! तिने तोंड उघडलं, आणि जशुबेनने त्या उघड्या तोंडात आमरसात बुडवलेला रोटलीचा घास कोंबला.

“आधी जेवून घ्या,” जशुबेन पाहुणीला म्हणाली. “उत्तर चारला.”

“चारला? अहो, मला विमान आहे!”

“विमान कुठं उडून जातंय?” जशुबेन म्हणाली, आणि बाकीच्या सहाही जणी खिदळल्या.

हेगडेबाई पहिल्यांदा नको नको म्हणत होत्या. मग वाटीत रस आला, रसावर तूप आणि सुंठ. दुसरी वाटी त्यांनी आपणहून पुढे केली. तिसरीनंतर त्या म्हणाल्या, “पाच मिनिटं पाठ टेकते,” आणि पंख्याखालच्या गादीवर टेकल्या त्या पार गेल्या. जरा वेळाने घोरायलाही लागल्या.

आतल्या खोलीत किन्नरीच्या डोक्यात जत्रा भरली होती. साठ हत्ती! लिफ्टमध्ये शिरणारा हत्ती, गच्चीत पोहणारा हत्ती! पळत बाहेर जावं, बाईला हलवून उठवावं आणि ‘हो हो हो’ म्हणावं, असं तिला शंभरदा वाटलं. ती सुई धरून बसली. एक पांढरा, एक पांढरा, एक निळा. अर्धा तास मणी सुईवरून निसटत होते. मग हळूहळू जत्रा पांगली. मागे राहिली ती भिंतीकडे तोंड केलेली स्वतः, आणि तो कांद्याचा वास. ‘मला हे काम हवंय,’ तिच्या मनात आलं, ‘पण मी पण मला हवीय.’ हे तिच्या मनात आजवर कधी आलंच नव्हतं. तिला एकदम भरून आलं.

चार वाजून वीस मिनिटांनी हेगडेबाई दचकून उठल्या आणि किंचाळल्या, “माझं विमान! उठवलं का नाही मला?”

जशुबेनला खरंच कळेना. “झोपलेल्या माणसाला उठवायचं? आम्ही काय पोलीस आहोत?”

विमानतळ शहराबाहेर तासभर, म्हणजे विमान गेलंच. हेगडेबाईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात किन्नरी समोर येऊन बसली. आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाला न सांगितलेली गोष्ट ती सांगायला लागली.

“तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मला एडीएचडी आहे. रोज अडीचला फोन म्हणाल तर मी आत्ता ‘हो’ म्हणेन, आणि महिन्याभरात कोसळेन. एकदा कोसळलेय. साठ होणार नाहीत, पस्तीस होतील. महिन्यातले पाच दिवस कारखाना बंद. फोन जशुबेन घेतील, तोही चारनंतर. पण तारीख मी देईन ती पाळेन. माझा हत्ती हवा असेल तर असा आहे.”

पलीकडे सातही जणींच्या सुया थांबल्या होत्या.

हेगडेबाईंनी मागे वळून पाटी वाचली. मग उठून चपला घालत म्हणाल्या, “चार वाजून गेलेत, पण मी अजून झोपेत आहे. उद्या सांगते.” संध्याकाळी जशुबेन त्यांना बर्फाचा गोळा खायला घेऊन गेली. कामाचा विषय मात्र दोघींनीही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात सगळ्या डोळे मिटून पडल्या होत्या आणि एकीचाही डोळा लागलेला नव्हता. साडेतीनला फोन वाजला. हेगडेबाई.

जशुबेनने तो पदराखाली झाकला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. किन्नरी आतल्या खोलीतून दारापर्यंत आली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा, बघा गंमत, कायदा करणारीच डगमगली.

“उचलू का गं?” जशुबेनचा तो दांडगा आवाज पार बारीक झाला होता. “सात जणींच्या वर्षाचा प्रश्न आहे. एक दिवस नाही पाळला कायदा तर काय आभाळ कोसळणारे?”

किन्नरीचा हात पुढे झाला. फोन थरथरत होता. घड्याळात तीन तेहेतीस.

“नको,” ती म्हणाली. “कोसळेन ती मी. आभाळ नव्हे.”

फोन गप्प झाला. मग सत्तावीस मिनिटं मणी ओवत बसल्या सगळ्या. एकीने चुकून पोपटाला दोन चोची लावल्या.

चारच्या ठोक्याला किन्नरीने स्वतः फोन लावला.

“तीनदा केला, उचलला का नाही?” हेगडेबाईंनी विचारलं.

“झोपायची वेळ होती.”

“झोपला होतात?”

“छे हो! कसली झोप? जीव टांगणीला लागला होता.”

पलीकडून मोठ्याने हसू आलं. “उचलला असतात ना, तर मला कळलं असतं की तुम्हाला दाबता येतं. मग मी दाबलंच असतं. साठावरून सत्तरावर नेलं असतं. माझं कामच ते आहे. पण जी बाई स्वतःला दिलेला शब्द पाळते, ती मला दिलेली तारीख पण पाळेल. पस्तीस. पाच दिवस बंद. फोन चारनंतर. कबूल?”

किन्नरीने घड्याळाकडे बघितलं. चार वाजून तीन मिनिटं. मग जशुबेनकडे बघितलं. ती आधीच पदराने डोळे पुसत होती आणि त्याच पदराआडून दोन चोचींवालीला शिव्या घालत होती.

“हो,” किन्नरी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचं वाक्य पुरं ऐकून तिने ‘हो’ म्हटलं होतं.

“आणि ऐका,” हेगडेबाई म्हणाल्या, “पुढच्या खेपेला मी बारालाच येते. गादी घालून ठेवा. आणि तो दोन चोचींचा पोपट कोण म्हणालं आत्ता? तो उसवू नका. तो मला हवाय.”