भांडकुदळ

मैत्री एक वेळ उपाशी राहील, पण कुणाचं चुकीचं मत वाचून गप्प बसणार नाही, याची ईश्वरीला पक्की खात्री होती. त्या एका खात्रीवर तिनं सगळा डाव लावला होता.

दोघींचा मिळून एक ब्लॉग होता, नाव ‘भांडकुदळ’. ‘ॲनिमे’ या जपानी कार्टून मालिकांवर मराठीत लिहायचं आणि प्रत्येक मालिकेवर दोन मतं शेजारी शेजारी छापायची, डावीकडे ईश्वरीचं, उजवीकडे मैत्रीचं. ईश्वरी मुळातच हळवी. पडद्यावर कुणी रडलं की ही रडणार आणि मालिकेला दहापैकी नऊ देऊन मोकळी होणार. मग मैत्री उजव्या बाजूला बसून त्या नऊचे तीन करणार. महापेच्या ऑफिसात डब्याच्या सुट्टीत हे सुरू झालं. एकीच्या मोबाइलवर एपिसोड लावायचा, दुसरीच्या डब्यातली भाजी खायची आणि सुट्टी संपेपर्यंत तंडत बसायचं. आजूबाजूचे म्हणायचे, ह्या दोघींचं काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं काही नव्हतं, उलट तेवढा अर्धा तासच दिवसात बरा जायचा. ब्लॉगला वाचक मूठभर, पण कट्टर. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तसे ते मालिकेसाठी नाही, भांडणासाठी यायचे.

आणि एक दिवस मैत्री सीवूड्सच्या घरून ऑफिसला म्हणून निघाली ती ऑफिसला पोचली नाही आणि घरीही परतली नाही. आईला एक मेसेज, ‘मला शोधू नका, मी ठीक आहे.’ फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली, फोटो फिरले, नातेवाइकांनी अंदाज बांधले. पोरगी कुणाबरोबर पळाली असेल हा सगळ्यांचा लाडका अंदाज. ईश्वरीला ठाऊक होतं, तसं कुणी नव्हतं. मैत्री दोन-तीन महिने गप्प गप्प होती, डबा अर्धा टाकायची, मतं दोन ओळींत उरकायची. ईश्वरीला ते दिसत होतं. तिनं विचारलं नाही. म्हटलं, मूड असेल, येईल आपोआप ताळ्यावर.

नेमकं तेच जयमालाकाकूंनी तिच्या तोंडावर मारलं. काकू म्हणजे मैत्रीची आई, बँकेतून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात मायलेकी दोघीच. “रोज एका टेबलावर जेवता तुम्ही,” त्या म्हणाल्या होत्या, “आणि तुला काही कळलं नाही?” त्यानंतर तिनं सीवूड्सला जाणं सोडलं. दिघ्याहून तसं फार लांब नव्हतं, पण त्या दारात उभं राहायची हिंमत होत नव्हती.

मग करायचं काय? दवाखाने पाहून झाले, जुन्या मैत्रिणींना फोन करून झाले. महिने उलटले. डब्याच्या सुट्टीत ती एकटीच बसायची आणि डबा तसाच घरी परत न्यायची. अशाच एका दुपारी तिच्या डोक्यात ते आलं. दोघींचे पासवर्ड एकमेकींना तोंडपाठ होते. ईश्वरीनं मैत्रीच्या नावानं ब्लॉग उघडला आणि उजव्या बाजूला मैत्रीचं मत लिहून टाकलं.

मालिका होती ‘निळ्या चिलखताचा सम्राट’. एक बावळट पोरगा मरतो, दुसऱ्या जगात सम्राट म्हणून जन्मतो, बायका त्याच्या मागेपुढे करतात आणि शत्रू एका फटक्यात गारद होतात. असल्या मालिकांची मैत्री सालटी काढायची. ईश्वरीनं तिच्या तोंडी लिहिलं, ‘अतिशय विचारप्रवर्तक मालिका. दहापैकी दहा.’ मैत्री जिथं कुठं असेल तिथं हे वाचेल, तिच्या अंगाचा तिळपापड होईल आणि रागानं का होईना, ती लिहील. मावसबहिणीच्या हळदीत कोपऱ्यात बसून, तोंडाला हळद तशीच ठेवून, मोबाइलवर कुणा अनोळखी माणसाला समीक्षा शिकवणारी मुलगी ती. हे सहन करणं तिला शक्यच नव्हतं.

तिनं सहन केलं. वाचकांनी मात्र आनंदानं लिहिलं, ‘मैत्रीताई आल्या परत!’, ‘ताई मऊ झाल्या, प्रेमात वगैरे पडल्या की काय?’ ईश्वरीला त्यांचे गळे धरावेसे वाटले. तिनं पुढच्या आठवड्यात आणखी वाईट लिहिलं. मैत्रीच्या नावानं, मूळ जपानी आवाज सोडून हिंदी डबिंगची आरती ओवाळली. सुरुवातीचं गाणं सरळ पुढं ढकलावं, त्यात काय ठेवलंय, असंही लिहिलं, आणि मैत्रीच्या लेखी हे म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखं होतं. आपण मैत्रिणीच्या नावाला काळं फासतोय हे तिला कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि तिच्या हातात दुसरी काडी नव्हती.

आणि एका दुपारी त्या सम्राटाच्या मताखाली एक प्रतिक्रिया आली. नाव ‘प्रेक्षक’, बाकी काही नाही.

‘हे मत पटलं नाही. या सम्राटाला संपूर्ण मालिकेत एकदाही भूक लागत नाही. तो जेवत नाही, कपडे धुवत नाही, आंघोळ करत नाही. ज्या गोष्टीत कुणाला भूक लागत नाही ती गोष्ट खोटी.’

ईश्वरीनं डब्याचं झाकण खाली ठेवलं. तिला रडू फुटलं आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी वळून पाहिलं. हे वाक्य मैत्रीचं होतं. भूक, धुणं, आंघोळ, हे सगळं मैत्रीचं होतं. ब्लॉगच्या पहिल्या पानापासून ती हाच सोटा घेऊन मालिकांच्या पाठी लागलेली. ईश्वरी स्वतःशी म्हणाली, आहे, बया जिवंत आहे.

पण घाई केली तर पाखरू उडून जाईल, हेही तिला कळत होतं. ‘मैत्री, तूच ना?’ असं विचारायची सोय नव्हती. तेव्हा तिनं मैत्रीच्याच नावानं उत्तर दिलं, ‘तुम्हाला काय कळतंय? आधी शेवटचा भाग बघा.’ दोन दिवसांनी प्रेक्षकाचं उत्तर आलं, ‘पाहिला. शेवटच्या भागातही उपाशीच आहे.’ ईश्वरी कितीतरी दिवसांनी हसली. मग हे चालूच राहिलं. मालिकेमागून मालिका, इकडून चिडवणं, तिकडून ठणकावणं. एकदा वाद रंगात आला असताना प्रेक्षकानं मध्येच लिहिलं, ‘आधी जेवून घ्या, मग भांडू.’ ईश्वरीनं खरोखर डबा उघडला, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला आणि ‘जेवले, पोटभर जेवले’ असं उत्तर लिहिलं. घरी आई म्हणाली, “पोरीचा चेहरा जरा माणसात आला.”

काकूंना सांगावं असं तिच्या मनात रोज यायचं. पण नुसत्या अंदाजावर त्या बाईला आशा लावायची आणि उद्या ती खोटी ठरली तर? पुरावा हवा होता. म्हणून तिनं मैत्रीच्या नावानं विचारलं, ‘सगळ्यालाच नावं ठेवता, मग तुम्हाला आवडलंय तरी काय?’

उत्तर यायला बरेच दिवस लागले.

‘बर्फाखालचं स्टेशन,’ प्रेक्षकानं लिहिलं होतं. ‘त्यात ती घर सोडून आलेली पोर स्टेशनातल्या फोनवरून आईला फोन लावते, आईचा आवाज ऐकते आणि न बोलता ठेवून देते. लोक म्हणतील निर्दय आहे. मला तिचा राग आला नाही. निदान लावते तरी. तेवढंही पुरतं.’

हे वाचून ईश्वरी उठलीच. एवढा सरळ निरोप! मैत्रीला आईचा आवाज ऐकायचाय आणि बोलायचा धीर होत नाही, हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, वरिष्ठानं कारण विचारलं तर “घरचं आहे” म्हणाली आणि बाहेर येऊन रिक्षा केली. सानपाड्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा तिला उतरून पळत सुटावंसं वाटलं. काकूंना काय सांगायचं याची ती मनात उजळणी करत होती. घाबरू नका. बसून ऐका. ती आहे, आणि तिला तुमची आठवण येतेय.

काकूंनी दार उघडलं. ईश्वरीला वाटलं होतं खंगलेल्या असतील. पण काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती, केस नीट विंचरलेले होते, आणि ईश्वरीला पाहून त्या चक्क हसल्या.

“ये, ये. मीच तुला फोन करणार होते गं. त्या दिवशी फार बोलले मी तुला.”

“काकू, ऐका ना, मैत्री…”

“माहितेय मला,” काकू म्हणाल्या. “सापडली.”

ईश्वरीनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. पलंगावर चादर ताठ अंथरलेली होती.

“कुठंय?”

“ते सांगत नाही अजून. मी विचारलंही नाही, उगाच बिथरेल. पण बोलते. माझ्याशी बोलते.” काकूंनी जेवणाच्या टेबलावरचा मैत्रीचा लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. पडद्यावर ‘भांडकुदळ’ उघडा होता. “तुमचा ब्लॉग गं. मी आधी कधी वाचलाच नव्हता, कार्टून म्हणून सोडून द्यायचे. ती गेल्यावर म्हटलं, बघू तरी पोरीच्या डोक्यात काय चालायचं. एकेक मालिका बघायला लागले. आणि मग एक दिवस तिचं नवीन मत आलं! मी तर इथंच मटकन बसले. पण असलं भिकार मत? माझ्या मुलीला हे आवडेल? म्हटलं, ही नक्की आजारी आहे. मग मी खाली लिहिलं. हा प्रेक्षक आहे ना, ती मी.”

ईश्वरी उभीच होती. आपण खुर्ची ओढली कधी आणि बसलो कधी हे तिला कळलं नाही.

“ते भुकेचं,” ती कशीबशी म्हणाली, “ते तर मैत्रीचं वाक्य आहे.”

“माझं आहे ते,” काकू हसून म्हणाल्या. “संध्याकाळच्या सिरियली बघताना मी कायम बडबडायचे, ह्या बायकांना भुका लागत नाहीत का, धुणी कोण धुतं ह्यांची? कार्टी माझी नक्कल करायची. तिनं ओळखलं असेल, ही आईच आहे. म्हणून तर रोज उत्तर देते.”

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं पाणी ठेवलं. तिथूनच बोलत राहिल्या. “डोक्यावरचं ओझं उतरलं बघ. परवा पोलीस ठाण्यात जाऊन आले. त्या हवालदारांना मोबाइलवर दाखवलं, म्हटलं, ही बघा, लिहितेय, भांडतेय. ते म्हणाले, बाई, मुलगी सज्ञान आहे, सुखरूप आहे, मर्जीनं गेलीय. सही करा, फाईल बंद करतो. त्यांनाही बरं वाटलं. मी सही करून आले.”

एका क्षणी ईश्वरीच्या मनात आलं, गप्प राहावं. उद्या पुन्हा मैत्रीच्या नावानं काहीतरी लिहावं, परवा पुन्हा लिहावं, आणि ही बाई अशीच इस्त्रीची साडी नेसून बसू दे. कुणाचं काय बिघडणार होतं? मग तिला ती बंद झालेली फाईल आठवली. आता जगात कुणीच मैत्रीला शोधत नव्हतं.

“काकू, ते मी लिहिलं.”

“काय?”

“मैत्रीच्या नावानं. सगळं मीच लिहिलं. मला वाटलं ती चिडेल आणि…” तिनं लॅपटॉपकडे बोट केलं. “आणि मला वाटलं, प्रेक्षक म्हणजे ती आहे. तेच सांगायला आले होते मी.”

काकू कपबश्या काढत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. दोन कप ओट्यावर ठेवले, दोन बश्या खाली सरकवल्या.

“शेवटचा भाग बघा म्हणाली ते?”

“मी.”

“आणि जेवून घ्या म्हटल्यावर, ‘जेवले’ म्हणून आलं होतं. पोटभर जेवले म्हणून.”

“ते पण मीच, काकू. खरंच जेवले होते.”

चहा उतू गेला. काकूंनी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. ईश्वरीला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, दारामागची पिशवी घेतली आणि चपलांत पाय घातले.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “तू पण चल. मला एकटीला सांगता यायचं नाही.”

ठाण्यात तोच हवालदार होता. त्यानं काकूंना ओळखलं आणि खुर्ची दिली. “काय, आली का घरी मुलगी?”

“नाही. ती फाईल पुन्हा उघडायचीय.”

“अहो, परवा तर तुमी सांगितलंत, लिहितेय म्हणून. मी स्वतः वाचलं की.”

“ती नव्हती ती,” काकू म्हणाल्या. “आम्ही दोघीच होतो.”

हवालदारानं आधी काकूंकडे पाहिलं, मग ईश्वरीकडे. त्याला समजलं की नाही कोण जाणे. त्यानं कोरा कागद पुढं ओढला आणि आवाज जरा खाली आणून विचारलं, “मग बाई, मुलीचं शेवटचं बोलणं कधीचं लिहू?”

“गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. डबा घेतला आणि ‘येते’ म्हणाली.”

“त्यानंतर?”

काकूंनी ईश्वरीचा हात धरला होता तो तसाच घट्ट धरून ठेवला.

“त्यानंतर मेसेज,” त्या म्हणाल्या. “मग काही नाही.”