उजव्या बोटाची शाई

सलग पाचव्या दिवशी पेपर उंबऱ्यावर तसाच पडून राहिला, तेव्हा चन्नम्मानं तो उचलून आत नेला आणि पलंगावर पडलेल्या नवऱ्याच्या छातीवर ठेवला.

"तानाक्का दोनदा भिंत वाजवून बसली," ती म्हणाली. "वाचून दावाय जातायसा, का मीच जाऊन सांगू, आमचं मालक निवडणुकीत पडलं म्हणून?"

भरमाप्पा काही निवडणुकीला उभा नव्हता. उभे होते ते त्याच्या पक्षाचे गुरुजी, निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. ते पडले, अनामत जप्त झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे फिरायला गेले. अंथरूण धरलं ते भरमाप्पानं. उचगावात त्याची टिंगल सुरू झाली होती. डॉक्टरनं तपासून काही नाही म्हणून सांगितलं आणि वर, अण्णा, पाच वर्षांनी परत येतीय की निवडणूक, असा टोमणाही मारला.

भरमाप्पा कोरे चौतीस वर्षं फाउंड्रीत साचे भरत होता. तिथंच युनियन, युनियनमुळे पक्ष. पक्ष एवढासा, कोल्हापुरात एका खोलीचं ऑफिस, तिचंही छप्पर गळकं. त्या पक्षात त्याला 'कार्यकर्ता' याखेरीज कधी दुसरं पद मिळालं नाही आणि त्यानं मागितलंही नाही. प्रत्येक निवडणुकीला घरोघरी चिठ्ठ्या वाटायच्या आणि मतदानादिवशी शाळेपासून दोनशे मीटरवर टेबल टाकून बसायचं, हे त्याचं काम. आपल्या बूथवरचा प्रत्येक मतदार त्याला यादीतल्या अनुक्रमांकासह पाठ होता. लोक त्याला हसायचे, पण घरात घ्यायचे आणि चहा द्यायचे. मत मात्र द्यायचे नाहीत.

शेजारची तानाबाई अठ्ठ्याहत्तरची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि पाठोपाठ काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. मुलगा पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. तिला लहानपणापासून वाचायचा नाद. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही अशी बाई, ती आंधळी झाली. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला भरमाप्पा तिच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून पेपर वाचून दाखवायचा. पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत. दोघांच्या घरात एकच भिंत, आणि तीही जेमतेम, त्यामुळं उशीर झाला की ती काठीनं भिंतीवर ठोकायची.

गेली दोन-तीन वर्षं पेपरात लढाईच जास्त होती. कुठल्या लांबच्या गावात इस्पितळावर बॉम्ब पडला, एवढी माणसं मेली, त्यात एवढी मुलं. तानाबाईला त्या देशाचं नाव कधी धड म्हणता आलं नाही, पण आकडा ती विसरायची नाही. काल सतरा म्हणाला होतास, आज किती, असं विचारायची. आकडा सांगितला की दोघं घटकाभर गप्प बसायची. सगळं वाचून झालं की भरमाप्पा तावातावानं समजावत बसायचा, की जगभर बघ कशी माणसं निवडून यायला लागलीत, हे सगळं एकमेकाला जोडलेलं आहे, आपलं उचगावसुद्धा. नोव्हेंबरात अमेरिकेचा निकाल लागला तेव्हा तर त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. तानाबाई म्हणायची, अमेरिकेत कोण का येईना, तू आदी च्या पी.

आणि मग पंधरा दिवसांतच आपल्याकडचं मतदान आलं.

आंधळ्या मतदाराला मत द्यायला सोबत एक माणूस आत नेता येतो. तानाबाईला गेल्या खेपेला मुलानं नेलं होतं. या वेळी त्याला रजा मिळाली नाही, तेव्हा तिनं सहजच सांगितलं, भरमू, तूच चल. सकाळी सात वाजता भरमाप्पानं आपलं मत देऊन घेतलं आणि नऊच्या सुमारास तिला हाताला धरून शाळेत आणलं. आतल्या बाईनं एक फॉर्म पुढं केला. मी या मतदाराचं मत तिच्या सांगण्याप्रमाणे नोंदवीन आणि गुप्त ठेवीन, असं त्यात छापलेलं होतं. भरमाप्पानं चष्मा लावून ते पूर्ण वाचलं आणि खाली सही केली. त्याच्या डाव्या बोटाला सकाळची शाई होतीच. सोबत्याच्या उजव्या बोटाला लावतात, म्हणून बाईनं उजव्या बोटालाही लावली.

पुठ्ठ्याच्या आडोशाला गेल्यावर तानाबाईनं त्याचं कोपर धरलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "वरनं पयलं बटन."

वरून पहिलं म्हणजे साहेब, गुरुजींविरुद्धचे मोठ्या पक्षाचे उमेदवार. गुरुजी खाली सहावे. भरमाप्पाला वाटलं, तिची चूक होतेय. त्यानं हळूच, सहावं ना, असं विचारलं.

"पयलं," ती म्हणाली. "माज्या मालकाला त्यानं खांदा दिलाय, रं. पावसात, पार मसणापतोर. तुजं गुरुजी कुटं हुतं?"

गुरुजी तेव्हा कुठं होते ते भरमाप्पाला माहीत होतं. ते परगावी अधिवेशनाला गेले होते. पण असली कारणं आडोशात उभं राहून सांगता येत नाहीत. त्याला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला. आठ वर्षं रोज सकाळी आपण हिच्यापुढं काय वाचत बसलो? एक खांदा दिला की संपलं सगळं? हिला काय कळतंय, असं त्याच्या मनात आलं. चौतीस वर्षांत मालक लोक कामगारांबद्दल हेच म्हणायचे आणि हे म्हणणाऱ्याच्या अंगावर तो धावून जायचा. त्यानं हात उचलला आणि सहावं बटण दाबलं. मशीननं लांबलचक आवाज केला.

"झालं?" तिनं विचारलं.

झालं, तो म्हणाला.

निकालादिवशी दुपारीच गुरुजींचं डिपॉझिट गेल्याचं कळलं. संध्याकाळी पक्षाच्या मोजणी प्रतिनिधीनं बूथवार आकडे आणले. भरमाप्पाच्या बूथवर गुरुजींना अकरा मतं होती. साडेआठशे मतदार, त्यांतली अकरा. चहाच्या गाड्यावर चार-पाच जुने सहकारी जमले होते, सगळ्यांची तोंडं उतरलेली. त्यातला सयाजी म्हणाला की एवढी कमी मतं असणंच शक्य नाही, घोळ मशीनमध्ये आहे, मतं चोरली. मग सगळ्यांनाच जरा बरं वाटलं. जो तो चोरीबद्दल बोलायला लागला.

"अण्णा, तुमी बोला की," सयाजी म्हणाला. "तुमास्नी तर एकेक मत ठावं हाय. चोरीच हाय का न्हाय ही?"

भरमाप्पानं चहाचा ग्लास खाली ठेवला. ग्लास धरलेल्या उजव्या हाताच्या नखावर शाई होती. अकरातली दहा मतं कुणाची ते तो बोटावर मोजू शकत होता, आणि अकरावं कसं आलं तेही त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. जगात कोण कुणाची मतं चोरतं ते त्यानं फक्त वाचलं होतं. चोरलेलं म्हणून त्याला पक्कं माहीत असलेलं मत एकच होतं, आणि ते त्याच्याच पक्षाच्या पेटीत होतं. तो तसाच उठला, घरी आला आणि आडवा झाला.

लोकांना वाटलं, पराभवाचा धक्का. तसा तो होताच. त्याला खरोखरच वाटत होतं की आता काही शिल्लक राहिलेलं नाही, इथंही नाही आणि तिकडंही नाही, आणि आयुष्यभर उन्हातान्हात वाटलेल्या चिठ्ठ्या म्हणजे नुसती रद्दी. पण पूर्वीही तो असा कितीदा हरला होता. हरल्यावर दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन शेजारी जायचा, शिव्या द्यायचा, तानाबाई हसायची आणि मन हलकं व्हायचं. या वेळी तीच वाट त्यानं स्वतःच्या हातानं बुजवली होती. जेवताना घास उचलला की उजवं बोट दिसायचं. शेवटी चमच्यानं खायला लागला. चन्नम्मा मग ताटाशी चमचाच ठेवायला लागली.

पाचव्या दिवशी छातीवर ठेवलेला पेपर घेऊन तो उठला. तोंड धुतलं, सदरा घातला आणि शेजारी गेला.

तानाबाई सोप्यात लसूण सोलत बसली होती. पावलांवरनं तिनं ओळखलं आणि पाट सरकवला. बरं वाटतंय का, ताप होता का, अशी चौकशी केली. भरमाप्पानं पेपर उघडला नाही. खाली बघत त्यानं एका दमात सांगून टाकलं. आक्का, तू पहिलं बटण सांगितलं होतंस. मी सहावं दाबलं. तुझं मत मी गुरुजींना घातलं.

तिचे हात थांबले नाहीत. एक पाकळी सोलून तिनं वाटीत टाकली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुज्या कोपरावर माजा हात हुता न्हवं? त्यो खाली गेला की."

भरमाप्पानं मान वर केली. मग त्याच दिवशी का बोलली नाहीस, असं त्यानं विचारलं.

"बोलून काय? मशीन वरडलं हुतं. आनि तू झालं म्हनालास." तिनं पुढची पाकळी हातात घेतली. "वाटलं, सांजचं येऊन सांगशील. मग वाटलं, सकाळी सांगशील."

त्यानं माफी मागितली. पाया पडायला वाकला तर तिनं त्याचा हात बाजूला सारला, रागानं नव्हे, कामात मध्ये आल्यासारखा. गुरुजी चांगला माणूस आहे, ती म्हणाली, मत त्याला पडलं म्हणून मला दुःख नाही. तिनं वाटी चाचपून बाजूला ठेवली आणि तोंड त्याच्याकडं वळवलं. तिचे डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी लागलेले होते.

"एक सांग, भरमू. पेपर तरी हाय तसा वाचत हुतास का?"

भरमाप्पा लगेच हो म्हणणार होता. पण आता खोटं बोलायचं नाही असं ठरवूनच तो उंबरा ओलांडून आला होता. साहेबांच्या सभांच्या बातम्या तो गाळायचा. त्यांनी कुठं दवाखाना उघडला, कुणाला मदत केली, असलं काही आलं की पान उलटायचा. दोन-तीनदा गुरुजींच्या सभेची गर्दी त्यानं छापलेल्यापेक्षा वाढवून सांगितली होती. हे सगळं त्यानं कबूल केलं. सांगताना त्याला ते फार किरकोळ वाटत होतं, आणि तिचा चेहरा बघून किरकोळ नाही हेही कळत होतं.

"आनि ती पोरं?" तिनं विचारलं. "त्या इस्पितळातली. रोज आकडा सांगत हुतास ती."

"ती खरी हाईत, आक्का. त्यात मी माज्या पदरचं कायबी घातलं न्हाय. आईशप्पत."

"असं तू म्हंतोस," तानाबाई म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच माहीत नव्हतं आणि ते जाणून घ्यायचा तिच्याजवळ काही मार्ग नव्हता. भरमाप्पाला ते मशीनपेक्षा, डिपॉझिटपेक्षा, सगळ्यापेक्षा जास्त लागलं. त्या मुलांसाठी उचगावात रोज सकाळी दोन माणसं घटकाभर गप्प बसायची. त्यानं एक बटण दाबून त्यांतलं एक माणूस कमी केलं होतं.

जरा वेळानं तिनं विचारलं, आजचा आणलाय का. त्यानं पेपर उघडला आणि वाचायला सुरुवात केली. साहेबांची काल निघालेली विजयी मिरवणूक पहिल्याच पानावर होती. जेसीबीतून उधळलेला गुलाल, स्वागताच्या कमानी, सत्काराला आलेल्या सगळ्यांची नावं, फोटोखालचा मजकूर, त्यानं काही म्हणजे काही सोडलं नाही. शुभेच्छांच्या जाहिराती वाचल्या. मग आतली पानं, अमेरिका, लढाई, आकडा, उसाचा दर, निधनवार्ता. घसा बसला तरी पाणी मागितलं नाही. तानाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. मध्ये एकदाही तिनं काही विचारलं नाही.

वाचून संपल्यावर त्यानं घडी घातली आणि नेहमीसारखा पेपर काखेत मारून उठला. तिनं हात पुढं केला.

"पेपर हितंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "क्रांती दूध घिऊन यील. तिच्याकडनं परत वाचून घेते."

क्रांती म्हणजे पलीकडच्या गोठ्यावरची सून, दहावी झालेली. भरमाप्पानं पेपर तिच्या हातात दिला. तिनं तो मांडीवर ठेवून घडी नीट केली.

तो घरी आला आणि भिंतीशी असलेल्या खुर्चीवर बसला. चन्नम्मानं पुढ्यात भाकरी ठेवली. थोड्या वेळानं पलीकडं दुधाची किटली वाजली, बोलणं झालं, आणि क्रांतीनं वाचायला सुरुवात केली. तिला सवय नव्हती. शब्द तोडून, अडखळत, शाळेतल्या धड्यासारखं ती वाचत होती. मिरवणूक झाली, नावं झाली. भरमाप्पा भाकरीचा तुकडा हातात धरून प्रत्येक ओळ ऐकत होता, आपल्याकडून काही राहिलं तर नाही ना म्हणून. चन्नम्मा काहीतरी बोलायला लागली तर त्यानं हातानं थांबवलं.

पान उलटल्याचा आवाज आला. क्रांती लढाईच्या बातमीवर आली होती.

"किती म्हनालीस, पोरं?" तानाबाईनं तिला मध्येच थांबवलं.

क्रांतीनं आकडा परत वाचला. तोच होता, भरमाप्पानं सांगितला होता तोच.

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तानाबाईनं नाक पुसल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "वाच पुढं."