राणी परत आली

पूर्वी गच्चीचे तीन जिने शिंपिणीच्या एका गाण्यात सरायचे. आता तळमजल्याच्या खोलीत मशीनची सुई ओवतानाही तिला धाप लागे. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, हा साधा दमा नव्हे. नवऱ्यानं गच्चीवर पाळलेल्या कबुतरांच्या पिसांची, विष्ठेची धूळ तिच्या अंगाला वैरीण वाटते. त्या वैरापायी फुप्फुसं जखमी होतात. पक्षी राहिले तर ती कायमची कडक होतील.

नवरा फणकारला. वीस वर्षं तो त्यांच्यात लोळतोय, त्याला साधी शिंक नाही. हिचंच अंग काचेचं. महिनाभर धुसफूस चालली, तेव्हा कुठे त्यानं सगळी कबुतरं गावाबाहेरच्या बेकरीवाल्याला दिली. त्याची लाडकी राणीसुद्धा. शिंपिणीला मोकळा श्वास आला. पण आठच दिवस. मग नवरा रोज संध्याकाळी खुराडं मोडायला म्हणून वर जाऊ लागला, आणि खोकला पुन्हा उंबऱ्याशी येऊन बसला.

"पक्षी गेले, खोकला राहिलाच की," तो म्हणाला. "आता कुणाला घालवू? मला?"

तिलाही वाटलं, आपण उगाच मुक्या जिवांवर आळ घेतला. ती ओशाळली.

मग एका दुपारी बेकरीवाला रिकामा पिंजरा परत द्यायला दारात आला. म्हणाला, "वहिनी, शेवटची राणी राहिली होती, तीही उडाली बघा. मी म्हटलं होतं, न उडालेली पिल्लं द्या, तीच नव्या घरी रुळतात; मोठी सोडली की जुन्या खुराड्यावरच परततात. दादा म्हणाले, तू आठ दिवस ठेव आणि सोड."

तिनं पिंजरा दाराबाहेरच ठेवून घेतला.

संध्याकाळी नवरा खाली उतरला. स्वेटरच्या खांद्यावर पिठासारखी पांढरी धूळ. जिन्याच्या तळाशी त्याचं अंथरूण, कपड्यांचं बोचकं आणि तो पिंजरा. दार आतून बंद.

"राणी बरी आहे ना?" आतून तिनं विचारलं.

त्यानं खांद्यावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "आपणहून आली ती. मुक्या जिवाला हाकलू?"

"मला बोलता येतं, म्हणून मला मारलं तरी चालतं?"

त्यानं दारावर थाप मारली. मग लाथ. लोक काय म्हणतील, म्हणाला. तुझं डोकं फिरलंय, म्हणाला. तिच्या ओठांवर अजून चार शब्द होते, चांगले धारदार. छातीत शीळ वाजत होती. तेवढा श्वास तिनं स्वतःसाठी ठेवला, आणि दाराच्या फटीत चिंधी कोंबली.