पोच्याजवळचा म

मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे, मित्रांनो. धान्याची. पोटात चार पोती ज्वारी सहज मावते, आणि अंगावर पोचे किती आहेत ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं आहे. आताशा नुसतं उभं राहायचंही जिवावर येतं. पण कोठीला बसता येत नाही, म्हणून उभी आहे.

कळमनुरीच्या कय्युमचाचांनी मला घडवलं. पत्रा कापला, गोल वळवला, रिबिटा ठोकल्या आणि शेवटी पाठीवर खिळ्यानं ठिपके पाडत काहीतरी अक्षरं उमटवली. त्यांच्या प्रत्येक कोठीवर ती असायची. दिपाच्या लग्नात तिच्या बापानं मला आंदण दिलं, आणि मी तिच्याबरोबर डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर आले. टेम्पोतून उतरवताना माझ्या पोटावर पहिला पोचा पडला, चांगला तळहाताएवढा. दिपा त्या दिवशी रडत होती ती माहेर सुटलं म्हणून. पण सगळ्यांना वाटलं, कोठीला पोचा पडला म्हणून रडते आहे.

नवी होते तोवर आल्यागेल्याला मला दाखवत असत. सासूबाई जिवनबाई तर सणाला कुंकू लावायच्या. पुढे माझ्या डोक्यावर गोधड्या रचल्या गेल्या आणि कौतुक आटोपलं. पाठ भिंतीला, तोंड घराकडे, अशी मी आठ वर्षं ज्वारी सांभाळत राहिले.

मग दिपाची मुलगी निता पहिलीत गेली, आणि पोळ्याच्या सुमारास बैलगाडीवरून पडून तिचा पाय मोडला. प्लास्टर निघालं तरी पोर लंगडत होती. शाळा गावात, दोन किलोमीटरवर. पहिलीचं वर्ष हातचं गेलं. दिपाच्या जिवाला घोर लागला. तांड्यावर घरोघरी गोरमाटी बोलतात, शाळा मराठीत. दिपा स्वतः लहानपणी काही कळत नाही म्हणून मागच्या भिंतीला टेकून बसायची, आणि चौथीत तिनं शाळा सोडली होती. आपल्या लेकीनं त्या भिंतीशी बसू नये, एवढंच तिला हवं होतं.

पाटी फुटलेली. मग तिनं खडू घेतला आणि माझ्या पोटावरच लिहायला सुरुवात केली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती हळद काढून यायची. बोटं पिवळी, कंबर मोडलेली. चूल पेटवायच्या आधी माझ्यासमोर बसायची. क कडीच्या खाली, ग रिबिटांच्या ओळीत, म त्या मोठ्या पोच्याजवळ. पुसलं गेलं की त्याच जागी पुन्हा गिरवायची. निता मुद्दाम मराठीत बोलायची, दिपाही. जांभया दोघींना यायच्या. एक अक्षर आलं की दिपा माझ्या झाकणावर गेरूचा एक ठिपका द्यायची. जिवनबाई हसायच्या, "पोरीला शिकवून राहिली का कोठीला?"

होळीपर्यंत तीस ठिपके झाले. खरं सांगते, मला गर्व झाला. ज्वारी तर कोणतीही कोठी सांभाळते.

तेवढ्यात गावातल्या शाळेचे रत्नपाल सर नावनोंदणीला तांड्यावर आले. दिपानं चहा ठेवला आणि चहाच्या आधी तिचं सांगून झालं, "सर, निताला तीस अक्षरं येतात."

सर खूश झाले. दारात बसून त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. "बघू बरं. हे कोणतं?"

निता पुस्तकाकडे बघेना. मान वळवून माझ्याकडे बघू लागली. सरांनी हळूच तिची हनुवटी धरून तोंड पुस्तकाकडे केलं. निता गप्प. दुसरं अक्षर, तिसरं, दहावं. गप्पच.

"कालच तर समदी म्हनली," दिपाचा आवाज पडला.

"घाई नाही, ताई. जूनपर्यंत वेळ आहे," सर म्हणाले. चहा पिऊन ते गेले.

दिपा लेकीवर धावली. "काहून बोलली न्हाई? एवढ्या दिवसाची माझी तकलीफ पाण्यात!"

निता रडत म्हणाली, "म पोच्याजवळ ऱ्हातो, याडी. पुस्तकात पोचा कुठं हाय?"

याडी म्हणजे आई. मित्रांनो, त्या पोरीनं अक्षरं पाठ केलीच नव्हती. तिनं मला पाठ केलं होतं. माझी कडी, माझ्या रिबिटा, माझे पोचे. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

आठ दिवस दिपानं खडू हातात धरला नाही. नवव्या दिवशी तिनं ओल्या फडक्यानं माझं पोट पुसलं आणि अक्षरं जागा बदलून उलटसुलट लिहिली. निताला त्यातली चार आली. दिपानं झाकणावरचे सव्वीस ठिपके पुसले आणि चार ठेवले. ते पुसताना तिचा हात किती जड झाला होता, ते मला कळत होतं. मग ती कधी जमिनीवर लिहायची, कधी परातीतल्या पिठावर. माझ्याकडे कमीच यायची. मला वाईट वाटलं, पण तिचं बराबर होतं.

वैशाखात निताच्या बापानं, शंकरसिंगनं, मला रिकामी करून ऊन द्यायला अंगणात काढलं. दरवर्षीच काढतात, पण माझ्या पाठीकडे कोण बघतं? या वेळी निता बघत उभी राहिली. कय्युमचाचांच्या ठिपक्यांवरून तिनं बोट फिरवलं. क म्हणाली. पुढच्याला अडली. मग ओरडली, "याडी, हितं म हाय!"

दिपा नुकतीच कामावरून येऊन टेकली होती. तशीच उठून आली. "पोचा हाय का तिथं?"

"न्हाई. पोचा न्हाई, तरी म हाय."

चाचांनी तिथं ‘कळमनुरी’ लिहिलं होतं, त्यातलं पुढचं काही तिला वाचता आलं नाही. दिपा माझ्या तापलेल्या पत्र्याला हात टेकून रडली, आणि या वेळी ती कोठीसाठी रडते आहे असं कोणालाच वाटलं नाही.

मित्रांनो, कोठीला वर्षातून एकदा ऊन दाखवा, बुडाला ओल लागू देऊ नका. आणि घरात लेकरू शिकत असेल, तर कधीतरी कोठी पाठमोरी फिरवून तिथलं अक्षर त्याला विचारा. फार थकला असाल, माहीत आहे मला. दिपाही त्या दिवशी थकूनच आली होती.