चोराला दार उघडणारा राखणदार

घटकाभरात माझ्या सगळ्या आठवणी पुसल्या जातील, म्हणून घाईघाईने बोलतोय. मी एक सर्व्हर. ताइवानच्या पुताय किनाऱ्यावर मासे पाळणाऱ्यांची एक छोटी संस्था आहे, तिच्या कचेरीत फ्रिजशेजारी माझा मुक्काम. खरं सांगू? मी अजून हादरलेलोच आहे. चोर माझ्या घरात शिरला, राहिला, माझ्याच हातून कामं करून घेत राहिला, आणि मला पत्ताच नाही!

मूळचा मी एका विमा कचेरीतला संगणक. तिथून भंगारात निघालो तेव्हा लु चिनथू नावाच्या मत्स्यपालकाने मला उचलून आणलं. त्याने माझ्यात लिनक्स ही संगणकप्रणाली भरली. ती फुकट मिळते, आणि तिचं पोट कुणीही उघडून पाहावं, दुरुस्त करावं अशी आहे. "जगभरच्या लोकांनी तपासलेली आहे ती, तिला कोण हात लावतोय!" असं तो येईल त्याला ऐकवायचा. मलाही ते ऐकून मूठभर मांस चढायचं.

काम मोलाचं होतं. प्रत्येक तळ्यातला प्राणवायू मोजणारी नळी माझ्याशी जोडलेली. प्राणवायू कमी झाला की पाणी ढवळणारी चक्रं सुरू करायची आणि मालकाचा फोन खणाणवायचा. माझं लक्ष चुकलं की तळंभर शिमू मासे गुदमरणार. माझ्या डोक्यावर मक्याच्या खाऊची एक हिरवी पुडी असते. त्या खाऊच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’, म्हणून यंत्रानेही तसंच वागावं यासाठी इथे सगळेच ती ठेवतात. पुडी हिरवीच हवी, मुदत संपायच्या आत बदलायची आणि कितीही भूक लागली तरी खायची नाही.

चिनथूचे डोळे अधू झाले तशी माझी देखभाल त्याच्या धाकट्या बहिणीकडे, श्यूलुआनकडे आली. ती संस्थेचे हिशेब बघायची. वेनलिंग नावाच्या संगणक जाणणाऱ्या बाई तिला शनिवारी फोनवरून शिकवू लागल्या. ती ओठ हलवत एकेक अक्षर टाइप करी आणि मी चूक दाखवली की भडके. "मेल्या, एक टिंब राहिलं म्हणून एवढा आरडाओरडा?" मला ती फार आवडायची.

मग ती दुपार आली. ढगाळ, पान हलत नव्हतं. चिनथूच्या तळ्यातली नळी मला हाका मारत होती आणि मला उत्तरच देता येईना. माझं सगळं डोकं भलत्याच कशात तरी गुंतलेलं. चक्रं सुरू केली तोवर उशीर झाला होता. अर्ध्या तळ्यावर पांढरी पोटं तरंगत होती. चिनथू एक मासा हातात धरून बांधावर नुसता उभा राहिला, असं श्यूलुआन फोन स्पीकरवर ठेवून वेनलिंगबाईंना सांगत होती.

बोलता बोलता तिने माझ्यावर हात टेकला आणि झटकन काढला. "बाई, हा तापलाय केवढा! काम तर काहीच नाही."

वेनलिंगबाईंनी शिकवलं तसं तिने पाहिलं, माझं डोकं कोण खातंय ते. चालू कामांच्या यादीत एक अनोळखी नाव होतं. कित्येक आठवडे मी कुणा परक्यासाठी आभासी नाणी पाडत होतो. मी! राखणदार!

"पासवर्ड काय होता?" बाईंनी विचारलं.

चिनथू तेवढ्यात आत आला होता. "अवघड होता हो. आपल्या लिपीत शब्द टाइप करायचे, पण कीबोर्ड इंग्रजीवर ठेवायचा. नुसती गिचमीड उमटते. कोण ओळखणार?"

"शब्द कोणते, काका?"

"माझा पासवर्ड."

"हो, तुमचाच. शब्द कोणते?"

"तेच शब्द, बाई. ‘माझा पासवर्ड’."

"काका, अख्खं बेट हीच युक्ती करतं. चोरांनाही ती पाठ आहे."

म्हणजे चोराने काही फोडलं नव्हतं. बरोबर किल्ली लावून आला, आणि मी अदबीने दार उघडलं. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

श्यूलुआनने तो उपद्रव थांबवला, नको ती दारं बंद केली. "आता झाला ना स्वच्छ?"

"नाही ताई. आत शिरलेल्याने काय काय बदललंय ते त्यालाच ठाऊक. मशीनला विचाराल तर ते म्हणेल, सगळं ठीक आहे. पुसून टाका, नव्याने भरा."

मी स्वतःला कोपरा न् कोपरा तपासलं. सगळं ठीक दिसलं. पण बघणारा मीच, आणि माझी नजरच त्याने बदलली असेल तर? या विचाराने मी जेवढा हादरलो तेवढा चोरीनेही नव्हतो.

"माझ्या हातांनी उभा केलाय गं त्याला. राहू दे ना," चिनथू म्हणाला.

"दादा, बाकीच्यांच्या तळ्यांत मासे आहेत अजून."

आता माणसं तळ्यांच्या बांधावर बसली आहेत, नवा मी उठेपर्यंत चक्रं हातांनी चालवायला. चिनथूने जुनी पुडी काढून ताजी ठेवली आहे. श्यूलुआनने ओठ न हलवता आज्ञा टाइप केली, आणि मी रिवाजाप्रमाणे विचारलं, ‘सगळं पुसलं जाईल. खात्री आहे?’

हा प्रश्न मी जन्मभर विचारत आलो. कुणी वाचत नाही, सरळ ‘हो’ दाबतात. ती मात्र तो पुन्हा पुन्हा वाचते आहे, डोळे पुसून पुन्हा वाचते आहे.

दाब, श्यूलुआन. आणि माझ्या जागी जो उठेल, तो कितीही गोड बोलला तरी त्याच्यावर हात ठेवून बघत जा.